जुन्या यंत्राचा वाली कोण?

तांब्यापितळेच्या भांड्यांचा संसार जेव्हा घरोघर होता, तेव्हा चिरलेला तांब्या किंवा गळका हंडा कोणी उकिरड्यावर टाकीत नसे. तो कासाराकडे जाई, तराजूत पडे, त्याची मोड धरली जाई आणि वरची रक्कम भरून नवे भांडे घरी येई. या व्यवहारास कोणत्याही कायद्याची आवश्यकता भासली नाही. पितळ वितळविले तरी पुन्हा पितळच होते, वितळविण्याचा खर्च धातूच्या किमतीत निघून जाई, आणि भांडे घडविणारा व मोडणारा हे पुष्कळदा एकाच आळीत राहत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरात शिरलेल्या विजेच्या वस्तूंची गोष्ट मात्र निराळी आहे. टीव्ही, फ्रिज, संगणक आणि त्यांच्यामागून मोबाइल, यांच्या पोटात तांबे आहे, किंचित सोनेही आहे. परंतु त्याच पोटात शिसे, पारा, कॅडमियम ही मंडळीही वस्तीला असतात. जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत तर शिशाचा अंश चांगलाच भरभक्कम असे. मोलाचे आणि विषारी असे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे मोलाचे तेवढे काढून घ्यावे आणि उरलेले नाल्यात सोडावे किंवा जाळून टाकावे, हा मार्ग सर्वांत स्वस्त पडतो. कासाराची रीत येथे पुरी पडत नाही. येथे कायदाच लागतो. तो कायदा प्रथम कोठे सुचला आणि आपल्या देशात येईपर्यंत त्याचे रूप कसे पालटत गेले, हे आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

कचरा उचलणे हे नगरपालिकेचे काम, ही समजूत जगभर इतकी रुजलेली होती की तिच्याविषयी कोणास शंकाच येत नसे. कारखानदाराने माल विकला की त्याचे कर्तव्य संपले. पुढे तो माल निकामी झाला, तर त्याची विल्हेवाट गावाच्या करातून व्हावयाची. या समजुतीस पहिला नेमका आक्षेप स्वीडनमध्ये घेतला गेला. लुंड विद्यापीठातील थॉमस लिंडक्विस्ट यांनी कार्ल लिडग्रेन यांच्यासह १९९० मध्ये स्वीडनच्या पर्यावरण मंत्रालयासाठी एक अहवाल लिहिला आणि त्यात ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ ही कल्पना मांडली. वस्तू विकल्यानंतरही, तिच्या अखेरपर्यंत, निर्मात्याचा तिच्याशी संबंध तुटू नये, हा तिचा गाभा.

कारखानदाराकडून कचऱ्याचा खर्च वसूल करावा, एवढाच तिचा अर्थ घेतला तर मात्र आपण निम्मीच गोष्ट समजलो असे होईल. लिंडक्विस्ट यांची दृष्टी कारखान्यातील आराखड्याच्या मेजावर होती. जे यंत्र उद्या आपल्यालाच खोलावे लागणार आहे, त्याचे भाग आज डिंकाने चिकटवावेत की स्क्रूने बसवावेत? एके ठिकाणी पारा वापरावा की त्यावाचून भागवावे? अशा प्रश्नांचा विचार निर्माता तेव्हाच करील, जेव्हा मोडतोडीचे बिल त्याच्याच दारी येईल. शाळेत आम्ही मुलांना सांगतो की ज्याने शाई सांडली त्यानेच ती पुसावी. त्यामागे फरशी स्वच्छ व्हावी एवढाच हेतू नसतो. पुढच्या वेळी दौत जपून धरली जावी, हाही असतो.

कल्पना कागदावरून कायद्यात उतरली ती प्रथम जर्मनीत, आणि तीही यंत्रांसाठी नव्हे, तर वेष्टनांसाठी. क्लाऊस टॉप्फर हे पर्यावरणमंत्री असताना १९९१ मध्ये वेष्टनविषयक अध्यादेश निघाला. डबे, बाटल्या, खोकी परत घेण्याचे दायित्व उत्पादक व विक्रेते यांजवर आले, आणि त्यांनी एकत्र येऊन उभारलेल्या संस्थेचे हिरवे वर्तुळचिन्ह घरोघरच्या मालावर झळकू लागले. लोकांनी इतक्या उत्साहाने वेष्टने गोळा करून दिली की ती मोडण्याची सोय अपुरी पडली. १९९३ मध्ये ती संस्था दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि जर्मन प्लास्टिक परदेशांत पडलेले आढळू लागले. विजेच्या वस्तूंसाठीही अशाच अध्यादेशाचा मसुदा त्या सुमारास तयार झाला होता. परंतु त्याचा कायदा होण्यास तेथेही २००५ साल उजाडावे लागले.

दरम्यान इतर देशांनी आपापल्या परीने वाटा काढल्या. वाद मुख्यतः एकाच मुद्द्याचा होता: पैसे कोणी द्यावयाचे, आणि केव्हा? स्वित्झर्लंडमध्ये उत्पादक व आयातदार यांच्या संघटनांनी ती रक्कम विक्रीच्या वेळीच किमतीत धरण्याची रीत पाडली आणि १९९८ मध्ये सरकारी अध्यादेशाने जुनी वस्तू परत घेणे सक्तीचे केले.

जपानची वाट याच्या नेमकी उलट. १९९८ मध्ये संमत झालेला आणि एप्रिल २००१ पासून अमलात आलेला तेथील कायदा प्रारंभी चारच वस्तूंना लागू होता: टीव्ही, फ्रिज, धुलाईयंत्र आणि वातानुकूलन यंत्र. येथे पैसे भरावयाचे ते ग्राहकाने, आणि तेही वस्तू टाकताना. त्या वेळचे दर टीव्हीस २,७०० येन, फ्रिजला ४,६०० येन असे होते. दुकानदाराने वस्तू स्वीकारावयाची, तिच्याबरोबर एक चिठ्ठी द्यावयाची, आणि निर्मात्याने ती आपल्या कारखान्यात खोलून ठरावीक प्रमाणात तिचे द्रव्य पुन्हा वापरात आणावयाचे. हे प्रमाण सुरुवातीस फ्रिजसाठी वजनाच्या ५० टक्के आणि वातानुकूलन यंत्रासाठी ६० टक्के इतके होते. पैसे वाचविण्यासाठी काही लोक रात्रीच्या वेळी जुने टीव्ही डोंगरउतारावर टाकून येऊ लागले, हा या पद्धतीचा दोष होय, आणि तो लहान नव्हे. तथापि तिचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. निर्मात्यांनी दोन गट करून मोडणीचे कारखाने स्वतः उभारले वा चालविले. त्यामुळे यंत्र जोडणारे अभियंते आणि ते मोडणारे कामगार यांची गाठ पडली. आपण बसविलेला स्क्रू काढण्यास किती वेळ लागतो, हे पूर्वी ज्यांच्या स्वप्नातही आले नसेल, त्यांना ते घड्याळ लावून पाहता आले. लिंडक्विस्ट यांना जे अभिप्रेत होते, त्याच्या सर्वांत जवळ गेलेला देश, माझ्या मते, जपानच.

युरोपीय संघाने २००३ च्या आरंभी दोन निर्देश एकदमच काढले. एकाने शिसे, पारा, कॅडमियम यांसह सहा घातक द्रव्यांच्या वापरास १ जुलै २००६ पासून मर्यादा घातली. दुसऱ्याने निकामी विद्युत् वस्तू गोळा करण्याचा भार उत्पादकांवर टाकला आणि दरडोई दरवर्षी किमान ४ किलो असे संकलनाचे लक्ष्य २००६ अखेरपर्यंत ठरवून दिले. या दुसऱ्या निर्देशात एक सूक्ष्म भेद केलेला होता. १३ ऑगस्ट २००५ पूर्वी विकल्या गेलेल्या वस्तूंचा खर्च सर्व उत्पादकांनी बाजारातील आपापल्या हिश्श्याप्रमाणे वाटून घ्यावा. त्या तारखेनंतरच्या वस्तूंचा मात्र ज्याचा त्याने सोसावा. भेद शहाणपणाचा होता. जो चांगले, सहज उलगडणारे यंत्र करील, त्याचा खर्च कमी व्हावा, हा त्यातील हेतू. परंतु गोळा झालेल्या ढिगातून कोणाचे यंत्र कोणते हे निवडीत बसणार कोण? बहुतेक ठिकाणी सगळा खर्च एकत्र करून वजनावर वाटण्याचीच पद्धत पडली. चांगला निर्माता आणि वाईट निर्माता एकाच तराजूत बसले. मूळ कल्पनेचा प्राण होता तो येथे बराचसा निसटला.

आणखी एक गळती होती. ‘जुनी पण चालू’ असे म्हणून निकामी यंत्रे आफ्रिका व आशिया खंडांकडे जात. घातक कचऱ्याच्या देशान्तरावर निर्बंध घालणारा बासेलचा करार १९८९ मध्येच झाला होता. तरी चीनमधील ग्वीयू येथील उघड्यावरच्या मोडणीची वर्णने २००२ मध्ये जगापुढे आली, तेव्हा या करारास किती भोके आहेत ते दिसले. युरोपाने २०१२ मध्ये निर्देश सुधारताना वस्तू खरोखर चालू असल्याचे सिद्ध करण्याचा भार पाठविणाऱ्यावर टाकला.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे हे काम कायद्याच्या फार आधीपासून चालू होते; ते भंगारवाला करीत होता. दिल्लीचे सीलमपूर हे या धंद्याचे मोठे केंद्र. मुरादाबादेस तर त्याने निराळेच वळण घेतले. पितळेच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात धातू वितळविण्याचे कसब पिढीजात होते. तेच कसब संगणकाच्या पट्ट्या जाळून तांबे काढण्याकडे वळले, आणि रामगंगेच्या काठी काळ्या राखेचे ढीग साचले. ज्यांच्या आजोबांनी पितळेचे भांडे निर्धास्तपणे मुशीत घातले, त्यांचे नातू तोंडाला फडके बांधून विषारी धूर गिळू लागले. हात तेच होते. त्यांत येणारी वस्तू बदलली होती.

भारत सरकारने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम २०११ मध्ये प्रसिद्ध केले. ते १ मे २०१२ पासून लागू झाले. उत्पादकाची जबाबदारी त्यांत स्पष्ट लिहिलेली होती, परंतु किती माल परत घ्यावयाचा याचा आकडा नव्हता. आकडा नसलेले कर्तव्य कितपत पाळले जाते, हे सांगावयास नको. २०१६ च्या नियमांनी तो आकडा आणला: पहिल्या दोन वर्षांत ३० टक्के, आणि चढत चढत सातव्या वर्षी ७०. दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, ही पायरी खाली उतरवून १० टक्क्यांपासून आरंभ करण्याची सवलत देण्यात आली. उत्पादकांची अडचण खोटी होती असे म्हणता येणार नाही. घरोघरचा जुना टीव्ही भंगारवाला रोख पैसे देऊन नेत असता कंपनीच्या संकलन केंद्राकडे फुकट नेऊन देणार कोण?

२०२२ च्या नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, ही अडचण एका युक्तीने सोडविली. वस्तूंची संख्या २१ वरून १०६ वर गेली. ठरावीक आयुष्य संपलेल्या मालाच्या ६० टक्क्यांपासून लक्ष्य सुरू होऊन २०२७-२८ पासून ते ८० टक्के व्हावयाचे आहे. परंतु उत्पादकाने आपला माल स्वतः गोळा केलाच पाहिजे असे नाही. नोंदणीकृत पुनश्चक्रण कारखाना सोने, तांबे, लोखंड, अॅल्युमिनियम काढतो, त्या प्रमाणात त्यास प्रमाणपत्रे मिळतात, आणि उत्पादक ती विकत घेऊन आपले दायित्व फेडतो. ग्राहकाला जपानप्रमाणे चिठ्ठी नाही, दुकानदारास वस्तू घेण्याची सक्ती नाही. प्रमाणपत्रे अतिस्वस्त विकली जाऊ लागली तर प्रामाणिक कारखाना चालावा कसा, म्हणून २०२४ मध्ये घरगुती विद्युत् वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये हा दर सरकारने ठरविला. त्याविरुद्ध २०२५ मध्ये काही मोठे उत्पादक दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

युक्ती हिशेबाला सोयीची आहे, यात संशय नाही. पण ज्याचे यंत्र मोडावयास सोपे, त्यालाही किलोमागे तेवढेच; आणि ज्याचे डिंकाने घट्ट चिकटविलेले, त्यालाही तेवढेच. आराखड्याच्या मेजापर्यंत या बिलाची धग पोहोचत नाही. गोळा करण्याचे प्रत्यक्ष कष्ट पुन्हा गावाकडेच येतात. इंदूरसारखे शहर घरोघरचा कचरा सहा प्रकारांनी निराळा करून घेते आणि त्यात विजेच्या वस्तूंचा कप्पा ठेवते, ही त्या शहराची कर्तबगारी खरी; परंतु तो गाडीचालक नगरपालिकेचा, उत्पादकाचा नव्हे.

जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लक्ष टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन मोडला गेला, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांच्या अहवालात नमूद आहे. उरलेल्या ढिगाचा मोठा भाग भंगारवाल्यासारख्याच हातांतून जातो. आपल्या २०२२ च्या नियमांनुसार नोंदणी होते ती चौघांची: निर्माता, उत्पादक, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनश्चक्रण करणारा. भंगारवाला यांपैकी कोणीच नाही. मात्र याच नियमांत राज्य सरकारांसाठी एक कलम आहे: मोडणीच्या कामासाठी औद्योगिक जागा राखून ठेवावी, या कामगारांची नोंदणी करावी, त्यांचे गट बांधावेत आणि त्यांना शिक्षण द्यावे. किलोमागच्या दराची चर्चा वृत्तपत्रांतून झाली तेवढी या कलमाची झाली नाही. मुरादाबादच्या मुशीवर बसलेल्या माणसाला प्रमाणपत्राचा भाव कळून उपयोग नाही. त्याला धुराचा बंदोबस्त असलेली जागा आणि वर्षभर कामाची शाश्वती हवी आहे, आणि ती देण्याचा अधिकार त्या कलमाने प्रत्येक राज्याच्या उद्योग व कामगार खात्यांच्या हाती दिलेला आहे.