संशोधकाची शिदोरी

संशोधनाची पदवी मिळणें आणि संशोधक होणें या दोन गोष्टी एक नव्हेत. लेख कोठें छापावा, जागा कोठें मिळेल, असें होतकरू तरुण आम्हांस विचारतात. हे प्रश्न गैर नाहींत. परंतु त्यांच्या आधींचा प्रश्न असा कीं, हातीं आलेला मोडी कागद वाचून त्याचा काळ ठरवितां येतो काय?

उदाहरणार्थ, 'इहिदे सितैन मया व अलफ' हा शुहूर सन घ्या. त्याचा अर्थ ११६१. हें वर्ष मृगाच्या आरंभीं पालटतें. सबब मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं, याच शुहूर वर्षांत झाला. जो सरसकट ५९९ मिळवील, तो त्या सुमाराचीं पत्रें वर्षभर मागें लोटील, आणि कारण व कार्य यांचा क्रमच उलटेल.

दुसरी अडचण 'छ' या अक्षराची. त्यापुढें मुसलमानी महिन्याचा चंद्र येतो. म्हणजे वर्ष सौर, महिना मात्र चांद्र! दोहोंत सुमारें अकरा दिवसांचें अंतर असल्यानें एकाच शुहूर वर्षाच्या आरंभीं व अखेरीस तोच चंद्र पुन्हां येऊं शकतो. अशा वेळीं वार किंवा पत्रांतील मजकूर यांवरूनच निर्णय करावा लागतो. हें ज्ञान कोष्टक पाठ करून येत नाहीं; शेंकडों कागद हाताळल्यानेंच येतें.

आतां निर्वाहाविषयीं. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत पटवर्धनांचें दप्तर अभ्यासिलें. सरदेसायांनीं बडोद्याची नोकरी संपल्यावर पेशवे दप्तराचे ४५ भाग संपादिले. राजवाड्यांनीं नोकरीची वाट सोडून १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला. त्यांत १७५० ते १७६१ पर्यंतचीं पत्रें आहेत. तिघांच्या वाटा भिन्न, पण भांडवल एकच: कागदाचा परिचय. पद हें त्या भांडवलास सोयीचें स्थान देतें. भांडवल देत नाहीं.

म्हणून नवशिक्यानें नियम पाळावे ते हे. नक्कल मुळाबरहुकूम करावी, शुद्धलेखन सुधारूं नये. अक्षर लागलें नाहीं तर तेथें जागा सोडावी, अनुमान घुसडूं नये. कागद कोणाच्या घरीं, कोणत्या रुमालांत मिळाला तें त्याच दिवशीं टिपावें. काम झाल्यावर तो मालकास नीट परत पोंचवावा; एका घरीं विश्वास गमावला कीं शेजारचीं चार घरेंहि मिटतात. आज छायाचित्रें सुलभ झालीं आहेत, तीं अवश्य घ्यावीं. परंतु छायाचित्र कागद राखतें, वाचीत नाहीं.

माळ्यावरील रुमालांस कसर व वाळवी लागतच आहे. ते सोडून वाचणारा तयार करणें, हेंच संग्राहकांनीं व मंडळांनीं आपलें पहिलें कर्तव्य समजावें.