बर्लिनची उमेदवारी आणि शिवडीचे रोहित

हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकावर उतरून पूर्वेकडे चालत गेले, की गोदामे आणि मालट्रकांची गर्दी ओलांडून धक्का लागतो. ओहोटीच्या वेळी येथे पाणी मागे सरते आणि मैलोगणती काळा चिखल उघडा पडतो. समोर माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुरांडी, अलीकडे तिवरांची रांग आणि मधल्या चिखलात मान खाली घालून चरणारे हजारो गुलाबी रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून हिवाळा लागला की हे पाहुणे शिवडीला येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघून जातात. ते कोठून येतात आणि कोठे जातात, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासकांना मिळते ते पक्ष्याच्या पायात घातलेल्या कड्यावरून. भारतीय पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे हे शास्त्र आपल्याकडे रुजवण्यात ज्यांचा सर्वात मोठा वाटा आहे, ते डॉ. सलीम अली हे काम प्रथम शिकले ते मुंबईत नव्हे, तर जर्मनीत. त्यांच्या त्या परदेशी उमेदवारीची ही माहिती.

खेतवाडीतील मुलगा

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतील घरी त्यांचे पालनपोषण झाले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक चिमणी इतर चिमण्यांपेक्षा वेगळी दिसली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. या प्रसंगाने मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली.

औपचारिक शिक्षणाच्या बाबतीत मात्र त्यांची वाट सरळ नव्हती. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील पहिले वर्ष जेमतेम पार पडले आणि कुटुंबाच्या खाणी व लाकडाच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशातील तावॉय येथे गेले. १९१७ साली परतल्यावर दावर महाविद्यालयात व्यापारी शिक्षण आणि झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास त्यांनी केला. परंतु विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्या हाती नव्हती. त्यामुळे भारतीय प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण विभागातील पक्षितज्ज्ञाचे पद त्यांना मिळू शकले नाही. अखेर १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गेतिहास विभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून दरमहा ३५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली.

शाळकरी मुलांना काचेच्या कपाटांतील प्राणी समजावून सांगण्याच्या या कामात दोन वर्षे गेली. पक्षिशास्त्र हेच आपले आयुष्य, हे त्यांनी ठरवले होते. पण त्या शास्त्राचे पद्धतशीर शिक्षण भारतात कोठेही उपलब्ध नव्हते. हौशी अधिकारी, शिकारी आणि चहामळ्यांचे मालक पक्षी गोळा करीत आणि त्यांची अंतिम ओळख लंडनमध्ये ठरे. शिकायचे तर परदेशी जाणे भाग होते. त्यांनी रजा घेतली आणि लंडनऐवजी बर्लिनची निवड केली. त्या वेळी ते तिशी ओलांडलेले, विवाहित गृहस्थ होते. उमेदवारीसाठी हे वय थोडे उशिराचेच म्हणावे लागेल.

एका संग्रहावरून वाद

या प्रवासाआधीच एक वाद उभा राहिला होता. ब्रह्मदेशात सनदी नोकरीत असलेले बीएनएचएसचे सदस्य जे. के. स्टॅनफर्ड यांनी तेथील पक्ष्यांचा मोठा संग्रह केला होता. त्याचा अभ्यास सलीम अली यांनी बर्लिनमध्ये प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्या मार्गदर्शनाखाली करावा, असे ठरत होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमशी संबंधित पक्षितज्ज्ञ क्लॉड टाइसहर्स्ट यांना ते रुचले नाही. या कामात एका भारतीयाने सहभागी होणे त्यांना पसंत नव्हतेच. पण महायुद्ध संपून जेमतेम दहा वर्षे होत असताना एका जर्मन प्राध्यापकाला त्यात सामील करणे त्यांना अधिकच खटकले. हा स्टॅनफर्ड यांचा अवमान आहे, असे त्यांनी संस्थेला कळवले.

बीएनएचएसचे रेजिनाल्ड स्पेन्स आणि एस. एच. प्रेटर यांनी हा आक्षेप मानला नाही. त्यांनी सलीम अली यांच्या पाठीशी उभे राहून संग्रह बर्लिनमध्येच अभ्यासावा, असा आग्रह धरला. परदेशातील उमेदवाराला दोन गोष्टींची गरज असते: तिकडे दार उघडणारा कोणी आणि इकडे मागे उभे राहणारे कोणी. सलीम अली यांना दोन्ही लाभल्या आणि त्यामुळेच त्यांच्या हाती पाहुण्याला दाखवण्यापुरते नव्हे, तर खरेखुरे, जबाबदारीचे काम पडले.

संग्रहालयातील शिक्षण

१९२०च्या दशकाअखेरचे बर्लिन हे चाळीस लाखांहून अधिक वस्तीचे, जगातील मोठ्या शहरांपैकी एक शहर होते. इन्व्हालिडेन रस्त्यावरील प्राणिसंग्रहालय विद्यापीठाला जोडलेले होते आणि तेथील पक्षिविभाग १९२१पासून स्ट्रेसमान यांच्याकडे होता. सलीम अली यांच्यापेक्षा ते अवघ्या सात वर्षांनी मोठे. पण त्या काळातील पक्षिशास्त्राची दिशा बदलणारे विद्वान म्हणून त्यांची ख्याती होती. तोवर पक्षिशास्त्र म्हणजे कातडी गोळा करणे, लांबीरुंदी मोजणे आणि नवे नाव देणे, एवढाच अर्थ बहुतेक ठिकाणी घेतला जाई. स्ट्रेसमान यांनी त्यात शरीरक्रिया, वर्तन, स्थलांतर आणि उत्क्रांती हे विषय आणले. संग्रहालयातील मृत पक्षी आणि रानातील जिवंत पक्षी ही एकाच अभ्यासाची दोन अंगे आहेत, ही त्यांची भूमिका होती.

वर्गीकरणाची शिस्त सलीम अली येथे शिकले. एकाच जातीचे अनेक नमुने शेजारी मांडून वय, लिंग आणि ऋतू यांमुळे पडणारा फरक कोणता आणि प्रदेशानुसार पडणारा फरक कोणता, हे वेगळे काढणे ही त्या शास्त्राची बाराखडी होय. याच शहरात बर्नहार्ड रेन्श आणि ऑस्कर हाइनरोट यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचा त्यांना परिचय झाला. हाइनरोट हे पक्ष्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाचे एक आद्य प्रवर्तक मानले जातात. भारतीय क्रांतिकारक चंपकरामन पिल्ले यांचीही भेट त्यांना बर्लिनमध्येच घडली. पुढे आयुष्यभर सलीम अली यांनी स्ट्रेसमान यांना आपले गुरू मानले.

हेल्गोलँडचे बेट

पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा प्रत्यक्ष अनुभव त्यांना मिळाला तो उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर. दोन चौरस किलोमीटरहूनही लहान असलेले हे लाल खडकाचे बेट पक्षिशास्त्रात मात्र मोठे आहे. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश गेट्के नावाच्या चित्रकाराने तेथे अनेक दशके राहून स्थलांतराच्या नोंदी केल्या. १९१०मध्ये तेथे पक्षिनिरीक्षण केंद्र स्थापन झाले. समुद्र ओलांडून थकलेले पक्षी बेटावरील थोड्याशा झुडपांत आसरा घेतात. त्या झुडपांवर जाळीचा, पुढे रुंद आणि मागे निमुळता होत जाणारा बोगदा उभारून पक्षी इजा न होता पकडण्याची युक्ती तेथे निघाली. असा सापळा आजही जगभर ‘हेल्गोलँड सापळा’ या नावानेच ओळखला जातो.

कड्याची पद्धत त्या वेळी तीसेक वर्षांची होती. डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली क्रमांक व पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी पक्ष्यांच्या पायांत घालण्यास सुरुवात केली. तत्त्व अगदी साधे आहे. पक्षी पकडावा, वजन-मापे घ्यावीत, क्रमांकाचे कडे चढवावे आणि सोडून द्यावे. तो पुन्हा कोठे सापडला, तर दोन ठिकाणे आणि दोन तारखा हाती येतात आणि अंदाजाची जागा पुरावा घेतो. हजारांतून मोजकीच कडी परत मिळतात. म्हणून हे काम वर्षानुवर्षे, चिकाटीने आणि काटेकोर नोंदी ठेवूनच करावे लागते.

परतीचे स्वागत

१९३० साली सलीम अली मुंबईला परतले, तेव्हा पैशांअभावी त्यांचे व्याख्यात्याचे पद रद्द करण्यात आल्याचे त्यांना कळले. जगातील अग्रगण्य पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली शिकून आलेल्या माणसाला त्याच्या शहरात नोकरी उरली नव्हती. परदेशातून शिकून येणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हा अनुभव आजही येतो.

सलीम अली आणि त्यांच्या पत्नी तेहमिना मुंबईचा खर्च टाळून अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तेथे पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांना जवळून पाहता आली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पूर्ण करतो आणि मादी अंड्यांवर बसली की दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो, ही सुगरणीच्या संसाराची रीत त्यांनी येथे उलगडली. पिढ्यान्पिढ्या लोकांनी पाहिलेला हा पक्षी. पण दिवसेंदिवस एकाच वसाहतीसमोर बसून वेळेवार नोंदी ठेवल्यावरच त्याचे गुपित कळले. जिवंत पक्ष्याचा अभ्यास हे बर्लिनने दिलेले वळण होते आणि बेकारीने त्यासाठी सवड दिली होती.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर आदी संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्या त्यांनी केल्या. १९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले. १९४५मध्ये कच्छच्या रणात रोहितांच्या विणीच्या वसाहतीला भेट देऊन तेथील पक्ष्यांची संख्या काही लाखांत असल्याचा अंदाज त्यांनी नोंदवला. एस. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

हेल्गोलँडच्या शिकवणीला मोठे फळ आले ते १९५९ नंतर. पक्ष्यांना कडी घालण्याचे तुरळक प्रयत्न भारतात आधीही झाले होते. परंतु पक्ष्यांमार्फत रोगजंतू दूरवर पोहोचतात काय, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने साहाय्य दिले आणि सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसचा स्थलांतर-अभ्यास मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. सापडलेल्या पक्ष्याची खबर मुंबईच्या या संस्थेला द्यावी, अशी सूचना कोरलेली कडी घेऊन भारतातील पक्षी सीमा ओलांडू लागले.

शिवडीतील आजचे चित्र

शिवडीच्या चिखलात रोहितांचे थवे नियमित दिसू लागले, तेव्हा सलीम अली हयात नव्हते. येथे चरणाऱ्या पक्ष्यांत संख्येने अधिक असतो तो लहान रोहित. चिखलपाण्यातील सूक्ष्म शैवाल हे त्याचे मुख्य अन्न. आता ॲल्युमिनियमच्या कड्याच्या जोडीला दुर्बिणीतून वाचता येणारी रंगीत कडी आणि उपग्रहाशी जोडलेली यंत्रे आली आहेत. २०२२ साली ठाणे खाडीतील सहा रोहितांवर बीएनएचएसने अशी यंत्रे बसवली आणि खाडीतून गुजरातच्या किनाऱ्याकडे होणारा प्रवास टप्प्याटप्प्याने नोंदवता आला.

या माहितीला आज विशेष मोल आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहितांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२मध्ये त्याला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू मात्र शिवडीच्या याच चिखलावरून निघतो. पक्षी कोठे चरतात, भरतीला कोठे सरकतात आणि कोणती जागा गमावली तर पर्यायी जागा कोणती, याची उत्तरे नोंदींतूनच मिळतात. नोंदी नसतील, तर पक्ष्यांच्या बाजूने बोलणाऱ्याच्या हाती केवळ हळहळ उरते.

परदेशातील उमेदवारीच्या वाटा आता पुष्कळ रुळल्या आहेत. १९२५ साली स्थापन झालेल्या जर्मनीच्या ‘डाड’ या शैक्षणिक विनिमय संस्थेच्या योजनांतून भारतातील विज्ञान-अभियांत्रिकीचे विद्यार्थी उन्हाळ्यात तेथील प्रयोगशाळांत काम करून आले आहेत. सलीम अली यांच्या वेळी अशी योजना नव्हती. त्यांच्यापाशी पदवी नव्हती आणि परतल्यावर नोकरीही राहिली नाही. बर्लिनहून त्यांनी आणली ती काम करण्याची पद्धत. शिवडीच्या चिखलात उभ्या असलेल्या एखाद्या रोहिताच्या पायातील कडे अभ्यासक दुर्बिणीतून वाचतो आणि वहीत तारीख, वेळ व क्रमांक लिहून घेतो, तेव्हा त्याच पद्धतीत आणखी एका नोंदीची भर पडते.