फोन हरवल्यानंतरचा पहिला तास : काय करावे आणि कोणत्या क्रमाने

मोबाइल हरवला की बहुतेक जण शेजाऱ्याच्या फोनवरून आपलाच क्रमांक पुन्हा पुन्हा लावून पाहतात. फोन रिक्षात किंवा दुकानाच्या फळीवर राहिला असेल तर याचा उपयोग होतो. एखादा भला माणूस तो उचलतो आणि जागाही सांगतो. म्हणून दोनदा जरूर लावावा. मात्र दोन्ही वेळा कोणी उचलले नाही किंवा फोन बंद लागला, तर तो चोरीला गेला आहे असे गृहीत धरूनच पुढची पावले उचलावीत. यूपीआय, बँकेचे ॲप, ईमेल, डिजिलॉकर आणि या सर्वांचे ओटीपी ज्यावर येतात ते सिमकार्ड, असे सारे काही एकाच वेळी परक्याच्या हाती गेलेले असते. त्यापुढे यंत्राची किंमत किरकोळ ठरते.

करावयाच्या गोष्टी फारशा अवघड नाहीत. अडचण येते ती क्रमाची. घाईत माणसे आधी पोलीस ठाणे गाठतात, दोन तास तेथे बसतात आणि बँकेला संध्याकाळी कळवतात. काही जण सर्वप्रथम सिम बंद करून टाकतात आणि नंतर फोन कुठे आहे ते शोधू लागतात. दोन्ही क्रम नुकसानीचे आहेत.

फोनला बोटाच्या ठशाचे कुलूप असले तरी सिमकार्ड त्या कुलपाआड नसते, हे आधी लक्षात घ्यावे. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि मालकाचे ओटीपी तेथे येऊ लागतात. केवळ त्यावर यूपीआयमधून पैसे निघत नाहीत, कारण पिन लागतो. परंतु नवा यूपीआय पिन ठरवण्यासाठी अनेकदा डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी एवढेच पुरते. आपल्याकडे फोनच्या कव्हरमधील खिशात डेबिट कार्ड ठेवण्याची सवय सार्वत्रिक आहे. सिम आणि कार्ड एकाच कव्हरात असणे म्हणजे तिजोरी आणि तिची किल्ली एकाच पिशवीत ठेवणे होय. हा लेख वाचून एकच गोष्ट करायची असेल, तर ते कार्ड आजच कव्हरातून काढावे.

आधी कुलूप, मग सिम

फोन हातातून गेल्याची खात्री होताच दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून किंवा संगणकावरून तो दूरस्थपणे कुलूपबंद करावा. अँड्रॉइड फोनसाठी गुगलची ‘फाइंड हब’ ही सुविधा आहे. पूर्वी तिचे नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होते. आयफोनसाठी ॲपलची ‘फाइंड माय’ ही सेवा असून तीत फोन ‘लॉस्ट’ म्हणून नोंदवता येतो. आपल्या खात्यात प्रवेश केला की फोनची जागा दिसते, तो वाजवता येतो, कुलूपबंद करता येतो आणि पडद्यावर संपर्कासाठी दुसरा क्रमांक झळकवता येतो. काम झाल्यावर त्या परक्या फोनवरून खात्यातून बाहेर पडण्यास विसरू नये.

या आज्ञा हरवलेल्या फोनपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला इंटरनेट लागते, आणि रस्त्यावर ते बहुधा त्याच सिमकार्डातून मिळत असते. सिम आधी बंद केले तर फोनला आज्ञा मिळणार नाही आणि जागाही दिसणार नाही. म्हणून ही पाच मिनिटे प्रथम कुलपासाठी द्यावीत. तेवढ्यात जमले नाही, तर अधिक न रेंगाळता सिम बंद करण्याकडे वळावे.

येथे एक पेच अनेकांना अडवतो. गुगल खात्यात नव्या ठिकाणाहून प्रवेश करताना पडताळणीचा संकेतांक मागितला जातो आणि तो हरवलेल्या फोनवरच जातो. यावर उपाय आधीच करून ठेवावा लागतो. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात दहा ‘बॅकअप कोड’ मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून घरी ठेवावेत. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. याखेरीज अँड्रॉइड १० आणि त्यापुढील बहुतेक फोनमध्ये ‘रिमोट लॉक’ ही सोय आहे. तीत संकेतशब्द आठवला नाही तरी केवळ मोबाइल क्रमांकाच्या आधारे फोन कुलूपबंद करता येतो. मात्र सेटिंग्जमधील चोरीपासून संरक्षणाच्या विभागात ती अगोदर सुरू केलेली असली पाहिजे.

फोनमधील सर्व माहिती दुरून पुसून टाकण्याचा पर्यायही दिसतो. तो लगेच वापरू नये. अँड्रॉइड फोन पुसला गेला की त्यानंतर त्याची जागा दिसणे बंद होते, आणि फोनमध्ये वेगळे मेमरी कार्ड असेल तर त्यावरील मजकूर पुसला जाईलच असे नाही. फोन मिळण्याची आशा उरली नाही म्हणजे मग तो पुसावा. फोन आपल्या खात्यातून काढून मात्र कधीही टाकू नये. आयफोन खात्यातून काढला की त्याचे ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ही सुटते, आणि चोराला नेमके तेच हवे असते. काही दिवसांनी ‘आपला फोन सापडला आहे, जागा पाहण्यासाठी येथे दाबा’ असा संदेश येतो, तो याच कारणासाठी. दुव्यावरील पान हुबेहूब कंपनीच्या पानासारखे असते आणि संकेतशब्द मागते. फोन हरवल्याच्या दुःखात असलेला माणूस तो देऊनही बसतो.

कुलूप लागले की सिम. कोणत्याही फोनवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवून ओळखीच्या काही प्रश्नांची उत्तरे दिली की सिम बंद होते. फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्ही बंद करावीत. दुसरे हमखास विसरले जाते. घरातील अनेक सिमकार्डे वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असतात. अशा वेळी बदली सिमसाठी ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यालाच ओळखपत्रासह जावे लागते. मुलगा बंगळुरूला आणि वडील गावी असतील तर यात दोन दिवस मोडतात. नोकरीनिमित्त दूर राहणाऱ्यांनी सिम स्वतःच्या नावावर करून घेणे श्रेयस्कर.

बँक आणि १९३०

त्यानंतर बँक. जितक्या बँकांची खाती त्या फोनला जोडलेली असतील तितक्यांना कळवावे आणि मोबाइल बँकिंग, यूपीआय व, कार्डही गेले असल्यास, डेबिट कार्ड थांबवण्यास सांगावे. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, तेथूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक अनेकदा भामट्याचाच असतो. यूपीआय लाइटमध्ये ठेवलेली रक्कम खर्च करताना पिन लागत नाही, त्यामुळे तेथे थोडीच रक्कम ठेवणे शहाणपणाचे.

कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा, कारण पुढील दायित्व त्यावर ठरते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ज्या अनधिकृत व्यवहारात बँकेची वा ग्राहकाची चूक नाही, तो बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास ते मर्यादित असते. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचे सर्व नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. पिन कव्हरात चिठ्ठीवर लिहिलेला असेल तर एकेक मिनिट मोलाचे ठरते ते यामुळे.

पैसे गेल्याचे दिसताच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवली जाण्यापूर्वी ती गोठवण्याचा प्रयत्न या यंत्रणेमार्फत होतो. उशीर झाला की रक्कम काढून घेतलेली असते.

पोलीस तक्रार आणि आयएमईआय

पोलीस ठाण्यात बऱ्याचदा चोरीऐवजी ‘गहाळ’ अशी नोंद करण्याकडे कल दिसतो. फोन खरोखर विसरला असेल तर ती नोंद पुरेशी आहे. परंतु कोणी हिसकावला किंवा खिशातून काढला असेल तर गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. फोनचा विमा असेल तर त्याच्या दाव्यासाठीही हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी तक्रार देता येते. प्रवासात भुसावळला फोन गेला आणि इंदूरला उतरल्यावर लक्षात आले, तरी परत जाण्याचे कारण नाही. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. रेल्वेत फोन गेल्यास १३९ या क्रमांकावर मदत मागता येते.

तक्रारीची प्रत हाती आली की दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा ॲपवर फोनचा आयएमईआय बंद करण्याची विनंती करावी. आयएमईआय हा प्रत्येक फोनचा १५ अंकी ओळख क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात आणि दोन्ही द्यावे लागतात. या केंद्रीय नोंदवहीचा, म्हणजे ‘सीईआयआर’चा, प्रारंभ सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीपासून झाला. मे २०२३ मध्ये ती देशभर खुली झाली. बंद केलेला फोन देशातील कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर, कोणतेही सिम घातले तरी चालत नाही. यामुळे पोलिसांना माग काढता येत नाही, हा समज चुकीचा आहे. मात्र वाय-फायवर तो फोन चालू शकतो, म्हणून आधीच्या कुलपाची जागा ही सोय घेत नाही.

येथेही क्रम महत्त्वाचा आहे. विनंती करताना ओटीपी हरवलेल्या क्रमांकावरच येतो, म्हणून बदली सिम आधी घ्यावे लागते. आणि बदली सिमवर संदेश सुरू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागतो. हे बंधन ग्राहकाच्या हिताचेच आहे. कोणी खोटी कागदपत्रे देऊन दुसऱ्याच्या नावाचे सिम मिळवले तरी त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत, असा त्यामागील हेतू. या एका दिवसात यूपीआय पुन्हा सुरू होत नाही, तेव्हा थोडी रोकड जवळ ठेवावी. नव्या सिमवर व्हॉट्सॲप सुरू केले की जुन्या फोनवरील ते आपोआप बंद होते. तोवर आपल्या नावाने कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत, असे नातेवाइकांना कळवावे.

फोन परत मिळाला तर पोलिसांना कळवून, विनंती क्रमांकाच्या आधारे तो पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो. वापरलेला फोन विकत घेणाऱ्यांनी केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा आणि आयएमईआय असा संदेश १४४२२ वर पाठवून आधी खात्री करावी. चोरीचा म्हणून बंद झालेला फोन स्वस्तात मिळाला तरी निरुपयोगीच.

आज रात्रीची दहा मिनिटे

वरील सर्व गोष्टी काही तयारीवर अवलंबून आहेत. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी कळ दाबली की आयएमईआय दिसतो. तो, बँकांचे आणि सिम कंपनीचे क्रमांक घरातील वहीत लिहावेत. कुलूपबंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसू नये अशी सेटिंग करावी, अन्यथा फोन न उघडताच ओटीपी वाचता येतो. पडदा बंद असताना वरची पट्टी ओढून विमान मोड लावता येत असेल तर तीही सोय बंद करावी. चोर पहिल्यांदा तेच करतो. आयफोनवर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ सुरू करावे. ते आयओएस १७.३ पासून उपलब्ध आहे. फोटोंमध्ये कार्डाची छायाचित्रे आणि संपर्क यादीत ‘एटीएम’ या नावाने साठवलेला पिन असेल तर पुसून टाकावा.

सिमलाही स्वतःचा पिन लावता येतो आणि ही सर्वांत दुर्लक्षित सोय आहे. पिन लावलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की पिन मागते आणि ओटीपी चोराकडे जात नाहीत. फोन बंद करून सुरू केला की दर वेळी तो पिन द्यावा लागतो, एवढाच त्रास. सुरुवातीचा पिन कंपनीनिहाय वेगळा असतो. तो ग्राहक सेवेला विचारल्याशिवाय अंदाजाने आकडे घालू नयेत. तीन चुकांनंतर सिम अडते आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो. तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचे निकामी होते.

सिम नसलेल्या, केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅबलेटला आणि बहुतेक लॅपटॉपना आयएमईआय नसतो, त्यामुळे सीईआयआरमध्ये त्यांची नोंद होत नाही. त्यांच्यासाठी खात्यातून लावलेले कुलूप हाच आधार आहे. पोलीस तक्रारीत त्यांचा अनुक्रमांक द्यावा लागतो. तो यंत्राच्या मागील बाजूस, खोक्यावर किंवा सेटिंग्जमध्ये असतो आणि त्याच वहीत लिहून ठेवता येतो.