टिळकांचे जामीन: हजेरीचा आणि वर्तणुकीचा

‘जामीन मिळाला’ म्हणजे ‘सुटला’ असं आपण सहज म्हणून जातो. कायद्यात ती फक्त तारखेला हजर राहण्याची हमी: आरोपीचा जातमुचलका आणि जामीनदाराची सही. हजर राहिला नाही, तर रक्कम जप्त.

१८९७च्या राजद्रोह खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी मुंबई हायकोर्टात दिनशा दावर उभे राहिले आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. जून १९०८मध्ये टिळकांना सरदारगृहात पकडलं. या वेळी अर्ज जिनांनी मांडला, आणि समोर न्यायाधीश कोण, तर दावर! अर्ज फेटाळला, कारणं दिली नाहीत. इथे ‘ढोंगी’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण वकिलाचा युक्तिवाद म्हणजे त्याचं मत नव्हे, आणि कारणंच नसतील तर हेतू वाचायचा कुठून? २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरणगाव सहा दिवस बंद राहिलं.

१९१६चा कागद मात्र वेगळ्या जातीचा. तो हजेरीचा नव्हे, वर्तणुकीचा जामीन. भाषणांवरून, फौजदारी संहितेच्या कलम १०८ खाली, एक वर्ष नीट वागण्यासाठी २० हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. म्हणजे गुन्हा शाबीत न करताच बांधून ठेवायचं. पुन्हा जिना उभे राहिले. नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला.