पाळी गेल्यानंतर पिशवीची तपासणी: जागेपणी करावी की भूल घेऊन?

पाळी बंद होऊन तीन-चार वर्षं झालेली असतात आणि एक दिवस कपड्यावर रक्ताचा डाग दिसतो. सोनोग्राफी होते. डॉक्टर सांगतात, ‘पिशवीचं अस्तर जाड दिसतंय, तुकडा काढून तपासावा लागेल.’ मग प्रश्न सुरू होतात. किती दुखेल? भूल देतील का? या वयात भूल झेपेल का? या भीतीपोटी अनेक जणी तपासणीच पुढे ढकलतात.

तपासणी टाळू का नये?

सलग १२ महिने पाळी आली नाही की त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. त्यानंतर थेंबभर जरी रक्त गेलं तरी त्याचं कारण शोधावं लागतं. बहुतेक वेळा ते साधं असतं: कोरडेपणा, पातळ झालेलं अस्तर किंवा पॉलिप. पण अशा साधारण दहापैकी एका महिलेत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. दुखण्यावर उपाय आहेत, त्यामुळे दुखण्याच्या भीतीने तपासणी टाळण्याची गरज नाही.

नेमकं काय करतात?

बायोप्सीत साधारण ३ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी आत घालून अस्तराचा नमुना घेतात. हे काही मिनिटांचं काम असतं आणि बरेचदा ओपीडीतच होतं. हिस्टेरोस्कोपीत बारीक दुर्बीण घालून आणि सलाईन सोडून पिशवी आतून पाहतात. क्युरेटिंगमध्ये (डी अँड सी) पिशवीचं तोंड रुंद करून अस्तर खरवडतात. त्यासाठी सहसा भूल दिली जाते.

पाळी गेल्यावर जास्त का दुखू शकतं?

इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीमार्ग कोरडा होतो आणि पिशवीचं तोंड आकसतं. नैसर्गिक प्रसूती झालेली नसेल तर उपकरण आत जायला आणखी त्रास होऊ शकतो. तरीही अनुभव प्रत्येकीचा वेगळा असतो. एकीला पाळीसारख्या कळा येतात, तर दुसरीला असह्य दुखतं. त्यामुळे शेजारणीला काहीच जाणवलं नाही, म्हणून आपल्यालाही जाणवणार नाही असं धरून चालू नये.

पर्याय कोणते?

वेदनाशामक गोळी: तपासणीच्या तासभर आधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देतात. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जागा बधिर करणं: पिशवीच्या तोंडाशी इंजेक्शन देतात. तोंडाकडचं दुखणं कमी होतं, पण पोटातल्या कळा जाणवू शकतात. महिला जागी असते आणि लवकर घरी जाऊ शकते.

गुंगीचं औषध (सिडेशन): शिरेतून देतात. झोपाळल्यासारखं होतं आणि भीती कमी होते. श्वास आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला प्रशिक्षित माणूस आणि यंत्रं लागतात.

कमरेतून भूल (स्पायनल): कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो. नंतर काहींना डोकेदुखी होते किंवा लघवीला त्रास होतो.

पूर्ण भूल: काहीच जाणवत नाही. नंतर मळमळ किंवा घसा दुखणं असा त्रास होऊ शकतो.

गुंगी किंवा पूर्ण भूल घेतल्यावर २४ तास गाडी चालवू नये आणि सोबत घरचं कुणीतरी असावं. उपाशी राहण्याचा नेहमीचा नियम म्हणजे जेवण ६ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधी बंद.

निवड कशी करावी?

फक्त नमुना घ्यायचा असेल तर अनेकींना गोळी आणि जागा बधिर करणं पुरतं. पिशवीचं तोंड फार आकसलेलं असेल, मोठा पॉलिप काढायचा असेल, आधीच्या तपासणीचा अनुभव वाईट असेल किंवा मनात फार धास्ती असेल, तर गुंगी किंवा भूल मागणं योग्यच आहे. केवळ वय जास्त आहे म्हणून भूल नाकारली जात नाही. मात्र हृदय आणि फुप्फुसं, रक्तदाब, मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास या गोष्टी भूलतज्ज्ञ आधी तपासतात. रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

ब्रिटनमध्ये जागेपणी केलेल्या हिस्टेरोस्कोपीतल्या वेदनांबद्दल महिलांनी जाहीरपणे आवाज उठवला आहे. वेदनाशमनाचे पर्याय आधीच समजावून सांगावेत, असं तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचं म्हणणं आहे.

संमतीच्या कागदावर काय पाहावं?

भुलेत असताना ‘थांबा’ म्हणता येत नाही. म्हणून नेमकं काय करणार, हे आधी वाचून मगच सही करावी. तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे पिशवी काढण्याची संमती नव्हे, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे. जिवावर बेतणारा प्रसंग याला अपवाद आहे.

आधी विचारायचे प्रश्न

- माझ्यासाठी कोणते पर्याय आहेत आणि इथे कोणते मिळतात?
- भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ हजर असतील का?
- प्रत्येक पर्यायाचा खर्च किती?
- जागेपणी असह्य झालं तर थांबवाल का? मग पुढे काय?

जागेपणी तपासणी सुरू असताना कधीही ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क महिलेला असतो. तपासणी अर्धवट राहिली तर पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी, कारण रक्तस्रावाचं कारण अजून कळलेलं नसतं.