पोपट, अनाथ मुलगा आणि पर्यटक : अमेरिकन व्यंगमालिकेतील ब्राझील

‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका डिसेंबर १९८९मध्ये सुरू झाली आणि तिचे प्रसारण अद्याप थांबलेले नाही. स्प्रिंगफील्ड या काल्पनिक गावातील एका कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मिषाने अमेरिकन जीवनाचे विडंबन करणे हे तिचे उघड प्रयोजन. या कुटुंबाला मालिकेच्या लेखकांनी अधूनमधून परदेशीही पाठवले आहे. ३१ मार्च २००२ रोजी प्रसारित झालेल्या ‘ब्लेम इट ऑन लीसा’ या भागात ते रिओ दि जानेरोला गेले आणि एका विनोदी मालिकेच्या बावीस-तेवीस मिनिटांनी राजनैतिक स्वरूपाचा वाद उभा केला. रिओच्या पर्यटन मंडळाने निर्मात्या फॉक्स कंपनीवर दावा लावण्याची धमकी दिली. शहराची प्रतिमा उजळण्यासाठी मागील काही वर्षांत मंडळाने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्च केले होते. राष्ट्राध्यक्ष फर्नांदो एन्रिक कार्दोसो यांनी हे ब्राझीलच्या वास्तवाचे विकृत दर्शन असल्याचे मत नोंदवले. कार्दोसो हे मूळचे समाजशास्त्रज्ञ, अवलंबित्वाच्या सिद्धान्ताचे एक प्रमुख भाष्यकार. त्यामुळे त्यांच्या या शेऱ्याकडे केवळ राजकारण्याची प्रतिक्रिया म्हणून पाहता येत नाही. निर्माते जेम्स ब्रूक्स यांनी माफी मागितली, पण तीही विनोदाच्याच भाषेत : प्रकरण एवढ्यावर मिटणार नसेल तर होमर सिम्पसन राष्ट्राध्यक्षांशी मुष्टियुद्ध खेळावयास तयार आहे, अशा आशयाची पुस्ती तिला जोडलेली होती.

या वादाची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एका बाजूस ‘यांना विनोद कळत नाही’ असा शेरा, दुसऱ्या बाजूस ‘ही देशाची बदनामी’ असा आक्रोश. समीक्षेच्या दृष्टीने दोन्ही निरुपयोगी आहेत. पाहावयाचे ते हे की या भागात उपहासाचा विषय कोण आहे : ब्राझील, की ब्राझीलकडे पाहणारा अमेरिकन? आणि या प्रश्नाचे उत्तर त्या एका भागात सापडत नाही, कारण ब्राझीलची जी प्रतिमा त्यात वावरते ती अमेरिकन चित्रपटांनी साठ वर्षांपूर्वीच घडवलेली होती.

१९४१ साली वॉल्ट डिस्ने आपल्या चित्रकारांसह दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, ते केवळ कलावंताच्या कुतूहलाने नव्हे. युरोपात युद्ध पेटलेले होते. दक्षिणेकडील देश अक्ष-राष्ट्रांकडे झुकू नयेत म्हणून रूझवेल्ट प्रशासनाने ‘चांगला शेजारी’ हे धोरण अवलंबिले होते आणि नेल्सन रॉकफेलर यांच्या अधिपत्याखालील कचेरी त्याचा सांस्कृतिक भाग सांभाळत होती. या दौऱ्यातून ‘सालुदोस आमिगोस’ हा चित्रपट जन्मला. त्याचा पहिला खेळ रिओमध्ये २४ ऑगस्ट १९४२ रोजी झाला. त्याच्या दोनच दिवस आधी ब्राझीलने जर्मनी व इटलीविरुद्ध युद्ध पुकारले होते. या चित्रपटातला झोझे कारिओका हा पोपट तिरकी टोपी, छत्री आणि चिरूट मिरवत डोनाल्ड बदकाला सांबा शिकवतो. पार्श्वभूमीला आरी बारोझो यांचे १९३९चे ‘आक्वारेला दो ब्राझील’ हे गीत. ब्राझीलमध्ये पोपटाचे विनोद हा लोकपरंपरेतला स्वतंत्र प्रकारच आहे. म्हणजे निवड अज्ञानातून झालेली नव्हती. पण हा पोपट ज्या रिओचा यजमान आहे त्या रिओत गरिबी नाही, आणि जवळजवळ काळी माणसेही नाहीत.

याच वर्षी, याच धोरणाखाली, ऑर्सन वेल्स ‘इट्स ऑल ट्रू’ या चित्रपटासाठी ब्राझीलमध्ये चित्रण करीत होता. त्याने कार्निव्हलचा माग काढीत कॅमेरा फावेलांत, म्हणजे डोंगरउतारावरच्या झोपडवस्त्यांत नेला. ईशान्येकडील कोळ्यांच्या तराफ्यांवर नेला. गेतुल्यु वार्गास यांच्या हुकूमशाही राजवटीला हे रुचले नाही, आणि चित्रपटसंस्थेलाही रुचले नाही. मे १९४२मध्ये चित्रणाच्या वेळी त्या कोळ्यांचा नेता ‘झाकारे’ समुद्रात बुडून मृत्यू पावला. चित्रपट अपुरा राहिला. यजमान आणि पाहुणा या दोघांच्या संगनमताने एक ब्राझील पडद्यावर आला आणि दुसरा पडद्याबाहेर राहिला. आपली ‘प्रतिमा’ परक्याने बिघडवली, अशी तक्रार करणाऱ्या राज्यसंस्थेचा त्या प्रतिमेच्या घडणीत केवढा वाटा असतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

आता २००२च्या संहितेकडे वळू. कथानकाचा आरंभ टेलिफोनच्या बिलाने होतो. लीसा ही कुटुंबातील विवेकी मुलगी रिओतील रोनाल्दो नावाच्या अनाथ मुलाला गुपचूप पैसे पाठवते, तो बेपत्ता झाल्याने ती तेथे दूरध्वनी करते, बिल फुगते, आणि कुटुंब त्याच्या शोधार्थ निघते. रिओत त्यांच्यापुढे येते ते असे : रस्त्यांत माकडे, झोपडवस्तीत रंगीबेरंगी उंदीर, भररस्त्यात चोर, प्रवाशालाच पळवून नेणारी टॅक्सी. होमरचे अपहरण होते, पन्नास हजार डॉलरची खंडणी मागितली जाते. पोर्तुगीजभाषक देशात स्पॅनिश ढंगाची नृत्ये बिनदिक्कत शिरतात.

तरीही हा सरळ अज्ञानाचा नमुना नव्हे. बार्ट विमानात स्पॅनिश शिकतो आणि ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात हे कळल्यावर शिकलेले सगळे त्याला विसरावे लागते. हा विनोद लेखकांना फरक ठाऊक असल्याचा पुरावा आहे, आणि तो अमेरिकन माणसावर उलटणारा विनोद आहे. तोकड्या वस्त्रांतील सूत्रसंचालिकेचा मुलांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम हे तर ब्राझीलच्याच दूरचित्रवाणीच्या बरेच जवळ जाणारे विडंबन. रोनाल्दो याच कार्यक्रमात फ्लेमिंगोच्या वेषात नाचून पैसा मिळवतो आणि शेवटी होमरची खंडणी तोच भरतो! दात्याची सुटका याचकाच्या पैशाने होते. परोपकाराच्या अमेरिकन कल्पनेवर याहून तीक्ष्ण उपरोध क्वचितच योजता येईल. परंतु संहिता या बिंदूवर थांबत नाही. रोनाल्दोला मिळतात ती मोजकी वाक्ये. तो अनाथ का, त्या शहरात अनाथ मूल असणे म्हणजे काय, याची सावलीही पडत नाही. २३ जुलै १९९३ रोजी याच रिओत कांदेलारिया चर्चजवळ झोपलेल्या मुलांवर गोळीबार होऊन आठ जण मारले गेले होते आणि त्या प्रकरणात पोलिसांना शिक्षा झाल्या. विनोदी मालिकेने हे सांगावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र उपरोधाला ज्या वास्तवाचे टेकू लागतात, ते नसल्यामुळे रोनाल्दो पुन्हा पोपटच होतो : पाहुण्यासाठी नाचणारा.

येथे याच मालिकेतील ‘बार्ट व्हर्सेस ऑस्ट्रेलिया’ या १९ फेब्रुवारी १९९५च्या भागाशी तुलना उद्बोधक ठरते. तेथेही कथानक टेलिफोनच्या बिलातूनच सुरू होते, आणि ऑस्ट्रेलियाचे चित्रणही भडकच आहे : पंतप्रधान तळ्यात नागडे तरंगत असतात, गुन्हेगाराला प्रचंड बुटाने लाथ मारण्याची शिक्षा आहे. पण त्या लाथेमागे १९९४ साली सिंगापूरमध्ये मायकेल फे या अमेरिकन तरुणाला झालेल्या छडीच्या शिक्षेचा आणि तिच्याविषयी अमेरिकेत उसळलेल्या संतापाचा संदर्भ आहे. अमेरिकन वकिलातीत तर पाणी ‘अमेरिकन’ दिशेनेच फिरावे म्हणून शौचकूपाला यंत्र बसवलेले दाखवले आहे. ऑस्ट्रेलिया खोटा, पण वकिलात खरी. ब्राझीलच्या भागात अशी वकिलात नाही. तेथे अमेरिकन माणूस केवळ मूर्ख आहे, सत्ताधारी नाही. त्यामुळे त्याच्या मूर्खपणातून सत्तेविषयी काहीच निष्पन्न होत नाही. शिवाय इंग्रजीभाषक गोऱ्या देशाची थट्टा आणि ब्राझीलची थट्टा एकाच वजनाची नसते. (याच मालिकेतील अपू या दुकानदाराच्या उच्चारांवरून पुढे झालेला वाद भारतीय वाचकास आठवेल.)

तक्रारदार कोण होता, हाही प्रश्न सुटू नये. पर्यटन मंडळाचा आक्षेप अपहरणांना होता; पण २००१-०२च्या सुमारास अपहरण हा ब्राझीलमधील वृत्तपत्रांचा रोजचा विषय होता. जानेवारी २००२मध्ये सांतो आंद्रेचे महापौर सेल्सो दानिएल यांचे अपहरण व हत्या झाली होती. पाउलो लिन्स यांच्या १९९७च्या कादंबरीवरील ‘सिदादे दे देउस’ हा फेर्नांदो मेइरेलेस व कातिया लुंद यांचा चित्रपट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्राझीलमध्ये प्रदर्शित झाला. त्यात रिओच्या वस्तीतील हिंसा सिम्पसन्सपेक्षा शतपटींनी अधिक आहे. फरक इतकाच की ती सांगणारा मुलगा तेथला आहे.

आणि तो पोपट? १९६१पासून झे कारिओकाच्या नावाचे नियतकालिक ब्राझीलमध्ये निघू लागले. सत्तरच्या दशकात रेनातो कानिनी या ब्राझिलियन चित्रकाराने त्याचा कोट व छत्री काढून घेतली, साधा टी-शर्ट चढवला आणि त्याला डोंगरउतारावरच्या ‘व्हिला शुरुपिता’ या वस्तीत राहावयास नेले. तेथे तो बेकार आहे, उधारी बुडवतो, सावकार त्याच्या मागे लागतात.