मुंबईत पहिल्यांदा खरेदीला जाताना

लग्नाचा बस्ता बांधायला एका दिवसासाठी मुंबईत येणार असाल, तर आधी वार पाहा. मंगळदास मार्केट रविवारी बंद असते, तर दादरमधली अनेक दुकाने सोमवारी. रात्रभर प्रवास करून आलेल्यांना कुलपे पाहावी लागतात, ती यामुळेच.

मंगळदास मार्केट क्रॉफर्ड मार्केटजवळ (अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई) आहे. सीएसएमटी स्थानकावरून चालत जाता येते. इथे ताग्यातले कापड, ड्रेस मटेरियल भरपूर मिळते. मात्र या भागातले काही व्यापारी फक्त घाऊक विकतात, म्हणून भाव विचारण्याआधी ‘एक नग मिळेल का?’ हे विचारा. मानपानाच्या दहा-वीस साड्या एकदम घेणार असाल तर हेच व्यापारी सोयीचे. मीटरवर घेतलेले कापड एकदा फाडले की परत होत नाही; रंग दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहा.

साड्यांसाठी दादर पश्चिमेचा रानडे रोड. मोठ्या दुकानांत बहुधा एकच भाव असतो, घासाघीस फुटपाथवर चालते. पक्के बिल घ्या आणि साडी किती दिवसांत बदलून मिळेल, ते त्यावरच लिहून मागा.

खरेदी चारपर्यंत आटोपा. पाचनंतरच्या लोकलमध्ये पिशव्या घेऊन चढणे नवख्याचे काम नाही.